अंगावरचं कधी तोडायचं? या वादामागचा इतिहास

आमच्या घरी मोहरी ठेवायचा डबा मुळात बेबीफूडचा होता. आतला मापाचा चमचाही कित्येक वर्षं त्यातच पडून होता. ‘बाळाला पुरत नाहीये, वरचं सुरू कर’ असं आजी नातसुनेला सांगते, तेव्हा आपण त्याला जुन्या बायकांची समजूत म्हणतो. ती फारशी जुनी नाही, या डब्याच्याच वयाची आहे.

खरी जुनी समजूत चिकाची. गाईम्हशीच्या चिकाचा खरवस आपण मिटक्या मारत खातो, पण बाळंतिणीचा चीक कित्येक घरांत पिळून टाकत. बाळाला तोवर मधाचं बोट किंवा गुळाचं पाणी. सुश्रुतसंहितेतही दूध तिसऱ्या-चौथ्या दिवशी उतरतं असं धरून आधी मध-तूप चाटवायला सांगितलं आहे. (आजचे डॉक्टर वर्षाच्या आत मध देऊच नका म्हणतात.)

त्याच संहितेत सहाव्या महिन्यात हलकं अन्न द्यायला सांगितलं आहे. आपलं उष्टावण त्याच सुमारास होतं: मुलाचं सहाव्या-आठव्या महिन्यात, मुलीचं पाचव्या-सातव्या. पण उष्टावण झालं म्हणून अंगावरचं बंद होत नसे. आयुर्वेदाचार्य वाग्भट म्हणतो, दात आले की मुलाला हळूहळू स्तनापासून दूर करावं आणि मग चारोळी, ज्येष्ठमध, मध, लाह्या, खडीसाखर यांचा मोदक द्यावा. घराघरांत एवढी सवड कुठली! पुन्हा दिवस राहिले की थोरल्याचं दूध एका दिवसात तुटायचं. कडुनिंबाचा पाला वाटून लावायचा, कोरफडीचा गर लावायचा, नाहीतर मुलाला आजोळी धाडायचं.

गर्भारशीचं दूध प्यायल्याने मूल खंगतं, असं आयुर्वेद मानतो. त्या आजाराचं नाव पारिगर्भिक. १९३०च्या दशकात सिसिली विल्यम्स या डॉक्टर गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानात, काम करत होत्या. पाठचं भावंड आल्यावर थोरल्याला जडणाऱ्या आजाराला तिथल्या गा भाषेत ‘क्वाशिओर्कर’ म्हणतात, हा शब्द त्यांनी वैद्यकात आणला. त्यांनी बोट ठेवलं ते आईच्या दुधावर नाही, ते तुटल्यावर मुलाच्या वाट्याला येणाऱ्या मक्याच्या निकस आहारावर.

गिरण्या त्याच्या बऱ्याच आधी आल्या होत्या. मुंबईत कामाला जाणाऱ्या बाईचं तान्हं दिवसभर खोलीवर राही आणि ते रडू नये म्हणून त्याला अफूची बाळगोळी दिली जाई. मुंबई प्रांतात प्रसूतिलाभाचा कायदा झाला तो १९२९ मध्ये.

डबा मात्र गिरणीतल्या बाईच्या नव्हे, मध्यमवर्गाच्या घरात आधी शिरला. ग्लॅक्सोच्या डब्यातल्या दुधावर वाढलेलं ‘ग्लॅक्सो बेबी’ हे कौतुकाचे शब्द झाले. १९६०च्या आसपास म्हशीच्या दुधापासून केलेलं अमूलचं बेबीफूड बाजारात आलं. सुदृढ बालक स्पर्धा, जाहिरातींतली गुबगुबीत बाळं, घड्याळ लावून दर तीन-चार तासांनी पाजा म्हणणारे डॉक्टर, हे सगळं मिळून आजीचं ‘शास्त्र’ तयार झालं. घड्याळ लावून पाजलं की पान्हा आटतो, कारण मूल जितकं ओढेल तितकं दूध येतं. मग ‘पुरत नाही’ हे आपोआपच खरं ठरतं.

विल्यम्स यांनी १९३९ मध्ये सिंगापुरात बाळांना पाजल्या जाणाऱ्या डब्यातल्या दुधाविरुद्ध भाषण केलं होतं. जग हललं ते १९८१ मध्ये, जागतिक आरोग्य परिषदेत आईच्या दुधाऐवजी विकल्या जाणाऱ्या पदार्थांच्या जाहिरात-विक्रीसाठी आचारसंहिता मंजूर झाली तेव्हा. विरोधात मत एकच, अमेरिकेचं. आपल्याकडे १९८९ मध्ये मुंबईच्या सायन रुग्णालयात मातृदुग्ध पेढी सुरू झाली. १९९२ च्या कायद्याने बेबीफूड आणि बाटल्यांच्या जाहिराती बंद केल्या. ‘चार ते सहा महिने’ निव्वळ अंगावरचं, हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला २००१ मध्ये ‘पूर्ण सहा महिने’ असा झाला, म्हणजे पुन्हा उष्टावणाचाच महिना. त्यापुढे वरच्या अन्नासोबत दोन वर्षं किंवा जास्त.

२०१७ पासून पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. हिशेब बरोबर सहा महिन्यांचा बसतो, पण तो नोकरदार बाईपुरता. ऊसतोडीला गेलेल्या बाईचं तान्हं फडाच्या कडेला झोळीत असतं. मोळी बांधून झाली की कोयता बाजूला ठेवून ती येते, पाजते आणि पुन्हा उसात शिरते.