माळ्यावरची बाटली आणि चिमूटभर लोखंड

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून एक बाटली निघाली. पंधरा वर्षांपूर्वी मावसभावाने जर्मनीहून आणलेली पांढरी वाइन, वर्तमानपत्रात गुंडाळून उभी ठेवलेली. घरात लगेच दोन तट पडले. काका म्हणाले, "जितकी जुनी तितकी उंची, जपून ठेव." आई म्हणाली, "व्हिनेगर झालं असेल, ओत मोरीत." हे दोन्ही समज मी इतक्या घरांत ऐकले आहेत की त्यांवर लिहायलाच हवे.

काकांचा समज आधी घेऊ. जगातली बहुतेक वाइन, आपल्या नाशिकचीसुद्धा, थोड्या वर्षांत पिऊन संपवण्यासाठीच बनवतात. आम्ल, टॅनिन (सालीतले तुरट द्रव्य) किंवा साखर भरपूर असलेल्या मोजक्या वाइन मुरून सुधारतात. पण त्यांनाही लागते १२ ते १५ अंश सेल्सिअसचे अंधारे तळघर, आणि बाटली आडवी. उभ्या बाटलीचे बूच सुकते, आक्रसते आणि हवेला वाट मिळते. (हे बूच पोर्तुगालकडच्या एका ओक वृक्षाच्या सालीचे. आपल्याकडच्या बुचाच्या झाडाची साल त्याला कमी प्रतीचा पर्याय म्हणून वापरत, म्हणून त्या पांढऱ्या सुवासिक फुलांच्या झाडाला हे नाव.)

आता व्हिनेगर. वाइन आंबट करणारे जिवाणू हवेवर जगतात, हे लुई पाश्चरने १८६० च्या दशकात दाखवून दिले. अल्कोहोलचे अ‍ॅसिटिक आम्ल करायला अल्कोहोलच्या दर रेणूमागे ऑक्सिजनचा एक रेणू लागतो. ७५० मिलिलिटरच्या बाटलीत १२ टक्क्यांच्या हिशेबाने सुमारे ७१ ग्रॅम अल्कोहोल असते. ते सगळे पालटायचे तर ३७ लिटर ऑक्सिजन हवा, म्हणजे जवळजवळ १८० लिटर हवा! बुचाखालच्या मोकळ्या जागेत असते जेमतेम चमचा-दोन चमचे. बूच जागेवर असेल तर बाटलीभर व्हिनेगर होणे शक्यच नाही.

मग वाइन बिघडते कशाने? माझ्या मते रसायनशास्त्रातल्या सर्वांत देखण्या साखळ्यांपैकी एक इथे आहे.

वांगे चिरून ठेवले की काळे पडते. त्यातली पॉलिफेनॉल नावाची वनस्पतिजन्य संयुगे हवेतल्या ऑक्सिजनमुळे क्विनोन नावाची संयुगे बनतात आणि क्विनोन एकमेकांत गुंतून तपकिरी रंग धरतात. वांग्यात हे काम विकर (एन्झाइम) करते. वाइनमध्येही पॉलिफेनॉल असतात, पण मुरलेल्या वाइनमध्ये विकर उरलेले नसते आणि ऑक्सिजन एकटा फारसे काही करू शकत नाही. त्याच्या रेणूत दोन इलेक्ट्रॉन जोडीविना, एकाच दिशेची फिरकी घेऊन बसलेले असतात. सेंद्रिय रेणूंमधले इलेक्ट्रॉन मात्र जोडीने, उलटसुलट फिरकीचे. अशी जोडी एकदम स्वीकारणे ऑक्सिजनला जमत नाही, त्याला इलेक्ट्रॉन एकेक करून द्यावा लागतो.

तो देते लोखंड. द्राक्षांतून, मातीतून, भांड्यांतून वाइनमध्ये लिटरमागे काही मिलिग्रॅम लोखंड उतरलेले असते. ते ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन देते आणि पॉलिफेनॉलकडून परत घेते, पुन्हा देते, पुन्हा घेते. स्वतः संपत नाही. या देवाणघेवाणीत पॉलिफेनॉलचे क्विनोन होतात आणि ऑक्सिजनचे हायड्रोजन पेरॉक्साइड. पेरॉक्साइडला पुन्हा लोखंड भेटले की हायड्रॉक्सिल मूलक, म्हणजे जोडीविना इलेक्ट्रॉन असलेला एक कण, जन्मतो. तो इतका उतावळा की समोर येईल त्या रेणूवर तुटून पडतो, आणि वाइनमध्ये पाण्याखालोखाल समोर येणार अल्कोहोलच. त्याचे होते अ‍ॅसिटाल्डिहाइड. मार लागलेल्या सफरचंदाचा, जुन्या अक्रोडाचा वास येतो तो याचा. लोखंड आणि पेरॉक्साइडची ही जोडगोळी इंग्लिश रसायनशास्त्रज्ञ हेन्री फेंटन याने १८९४ मध्ये वर्णन केली, तीही टार्टारिक आम्लावर. म्हणजे द्राक्षांच्याच आम्लावर!

लेबलवर ‘सल्फाइट’ लिहिलेले असते ते या साखळीच्या बंदोबस्तासाठी. सल्फाइट म्हणजे वाइनमध्ये मिसळलेले सल्फर डायॉक्साइड. ते पेरॉक्साइडला वाटेतच गाठते, क्विनोनला माघारी वळवते, अ‍ॅसिटाल्डिहाइडला बांधून ठेवते. मात्र या कामात ते खर्ची पडते. बुचातून वर्षानुवर्षे हवा झिरपत राहिली की साठा संपतो आणि मग उतरण सुरू होते. त्यात उष्णता. दर दहा अंशांना अभिक्रियेचा वेग साधारण दुप्पट, हा ढोबळ नियम धरला तर १३ अंशांच्या तळघरापेक्षा मे महिन्यात ३८ अंशांवर तापलेल्या माळ्यावर हे सगळे पाच-सहा पट वेगाने चालते. उलट उदाहरण बाल्टिक समुद्राचे. तिथे २०१० मध्ये एका बुडालेल्या जहाजात शॅम्पेनच्या १६८ बाटल्या सापडल्या, सुमारे १७० वर्षांपूर्वीच्या. अंधारात, दोन ते चार अंशांवर राहिलेल्या. पहिला वास ओल्या केसांसारखा आला, पण पेल्यात फिरवल्यावर धुरकट, मसालेदार गंध उमटले.

बाटलीला चुंबक लावून वाइन मिनिटांत ‘मुरवणारी’ उपकरणे विकली जातात. वरच्या साखळीत त्या चुंबकाला करण्याजोगे काहीच नाही. पैसे घालवू नका. लाल वाइनने रक्त वाढते हेही खरे नाही. रंग द्राक्षाच्या सालीचा आहे.

आमची बाटली उघडण्याआधी दिवसभर स्थिर ठेवली, म्हणजे गाळ खाली बसतो. पातळी गळ्यातून खांद्यापर्यंत उतरली होती. पेच फिरवताच बुचाचे दोन तुकडे झाले आणि चुरा आत पडला, म्हणून मलमलच्या फडक्यातून गाळली. रंग कोऱ्या चहासारखा. वास सफरचंदाचा, मागून अक्रोडाचा. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला असता तर दोष बुचातल्या बुरशीचा म्हटला असता, त्याचा वयाशी संबंध नसतो. एवढे अल्कोहोल आणि आम्ल असताना रोगजंतू वाढत नाहीत, तेव्हा घोटभर चाखायला भीती नव्हती. चव सपाट होती. आंबटपणा द्राक्षाचा, व्हिनेगरचा झणका अजिबात नाही.

उरलेली मोरीत ओतली नाही. थोडे पाणी घालून रुंद बरणीत ठेवली, वर फडके बांधले. चिलटे घिरट्या घालू लागली, मग पृष्ठभागावर पातळ साय धरली. महिन्याभराने आईने फडके सोडले आणि नाक आक्रसले. आता मात्र तो व्हिनेगरच होता.