बोन स्कॅनवरचे डाग वाढले: आजार पसरतोय की हाड भरतंय?

फुफ्फुसाच्या कॅन्सरवर केमो सुरू होऊन दोन-तीन महिने झालेत. सीटीत गाठ लहान झाली, खोकला उतरला, आणि बोन स्कॅनच्या रिपोर्टात मात्र लिहिलंय: आधीचे डाग अधिक गडद, शिवाय दोन नवे. घरच्यांचं धाबं दणाणतं. पण या एका रिपोर्टावरून चालू औषध बंद करायची घाई नको.

बोन स्कॅनला कॅन्सरच्या पेशी दिसतच नाहीत. शिरेतून दिलेलं टेक्नेशियमयुक्त (किरणोत्सर्गी) औषध नवं हाड जिथे तयार होतंय तिथे जास्त साचतं आणि साधारण तीन तासांनी त्याचे फोटो काढतात. गाठ हाड पोखरत असली की आजूबाजूचं हाड डागडुजी करू लागतं. औषधाने गाठ मरू लागली की तीच डागडुजी जोरात होते. दोन्ही वेळा डाग गडदच! या दुसऱ्या प्रकाराला डॉक्टर 'फ्लेअर' म्हणतात. तो केमोनंतर दिसतो, तसाच गेफिटिनिब, अर्लोटिनिब या कॅन्सरवरच्या गोळ्यांनंतरही. 'नवा' डागसुद्धा कधीकधी जुन्याच गाठीचा असतो. तिच्याभोवती आधी हाड बनत नव्हतं, म्हणून ती स्कॅनमध्ये आली नव्हती.

मग ओळखायचं कसं? माझ्या मते सगळ्यात जास्त मदत सीटीची होते. हाड भरत असेल तर पोखरलेल्या जागेची कड पांढरी, घट्ट होत आत सरकते. आजार वाढत असेल तर पोकळी रुंदावते, हाडाचं बाहेरचं कवच फुटतं, बाहेर मऊ गोळा दिसतो. फुफ्फुसातली गाठ आणि लिव्हर काय सांगतात तेही बघायचं. फ्लेअर बहुधा उपचारांच्या पहिल्या तीन महिन्यांतला, क्वचित सहापर्यंत; पुढच्या स्कॅनला तो फिका पडतो. आजाराचे डाग मात्र वाढतच जातात. अल्कलाइन फॉस्फटेज या रक्तातल्या तपासणीवर फार विसंबू नका, ते दोन्हीकडे चढू शकतं. दुखण्याचंही तसंच.

फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये आणखी एक गोष्ट गोंधळात टाकते: दोन्ही पायांच्या लांब हाडांच्या कडेने समांतर रेघा. ती हाडावरच्या आवरणाची सूज असते, पसरलेला कॅन्सर नव्हे.

थांबून बघणं एका बाबतीत चालत नाही. पाठीत नव्याने तीव्र कळ, पायांत अशक्तपणा किंवा बधिरपणा, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, यांपैकी काहीही झालं तर मणक्यात मज्जारज्जू दबत असू शकतो. त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा आणि एमआरआयबद्दल विचारा.