प्यालेबरदार विसरला, आणि दोन वर्षे गेली

‘गरज सरो, वैद्य मरो’ ही म्हण मराठी माणसाला समजावून सांगावी लागत नाही. ज्याच्यासाठी रात्री-अपरात्री धावलो, ज्याचा नोकरीचा अर्ज बसून लिहून दिला, तोच पुढे बसस्टॉपवर दिसला की मोबाइलमध्ये डोके खुपसून उभा राहतो. मग घरातले कोणी थोरले समजूत घालते, ‘असू दे. माणसे विसरतात, देव विसरत नाही. त्याची वेळ आली की बघ.’ ख्रिस्ती कुटुंबांत, प्रार्थनासभांत आणि सकाळी सकाळी येणाऱ्या व्हॉट्सअॅप संदेशांत ‘देवाची वेळ’ हा शब्द सारखा कानावर पडतो. त्याच्या मागे बहुतेक वेळा एकच गोष्ट असते, योसेफाची आणि मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, राजाच्या प्यालेबरदाराची. संदेशात ती दोन ओळींत उरकते. मूळ गोष्ट इतकी सरळ नाही, आणि तिच्यावरून शेकडो वर्षे वाद चालू आहे हे तर त्या संदेशात कधीच येत नाही.

गोष्ट बायबलच्या पहिल्याच पुस्तकात, उत्पत्तीत आहे. बापाचा लाडका योसेफ सतरा वर्षांचा. भावांनी त्याला दोथानजवळ कोरड्या आडात टाकले आणि मग मसाले घेऊन मिसरला निघालेल्या तांड्याला वीस रुप्याच्या नाण्यांना विकले. मिसरमध्ये तो पोटीफर नावाच्या सरदाराच्या घरी गुलाम झाला, कामाने वर चढला, मालकिणीच्या खोट्या आरोपाने तुरुंगात गेला. संडे स्कूलच्या चित्रांत इथवरचे सगळे असते. पायघोळ झगा असतो, आड असतो, उंट असतात. प्यालेबरदार मात्र क्वचितच दिसतो. आपल्या विषयाचा खरा धनी तोच आहे.

प्यालेबरदार म्हणजे राजाच्या हातात पेला देणारा. हा शब्द मराठी बायबलातला. त्याच्यातल्या ‘बरदार’ला फारसी दरबाराचा वास आहे आणि तो इथे चपखल बसतो. राजाला विष घालायचे तर ते याच्याच हातून जाणार, म्हणून हा माणूस अत्यंत भरवशाचा असावा लागे. अशा प्यालेबरदारांचा नायक आणि राजवाड्यातल्या आचाऱ्यांचा नायक, दोघांवर फारोची, म्हणजे मिसरच्या राजाची, मर्जी खप्पा झाली आणि दोघे योसेफाच्या तुरुंगात आले. एका सकाळी योसेफ आत गेला तर दोघांचे चेहरे उतरलेले. त्याने विचारले, ‘आज असे का?’ माझ्या मते गोष्टीतला उपकार इथेच सुरू होतो. स्वप्नाचा अर्थ सांगणे पुढचे. स्वतः गुलाम, स्वतः कैदी, आणि तरी दुसऱ्याचा उतरलेला चेहरा त्याला दिसला.

प्यालेबरदाराने स्वप्न सांगितले. समोर द्राक्षवेल, तिला तीन फांद्या, बघता बघता कळ्या, फुले, पिकलेले घड. ते मी फारोच्या पेल्यात पिळले आणि पेला त्याच्या हाती दिला. योसेफ म्हणाला, तीन फांद्या म्हणजे तीन दिवस. तीन दिवसांत फारो तुझे डोके वर करील, तू पुन्हा कामावर जाशील. आचाऱ्याच्या डोक्यावर स्वप्नात तीन टोपल्या होत्या आणि पाखरे त्यांतले खात होती. त्यालाही योसेफाने तेच शब्द ऐकवले, फक्त एक जोडून. फारो तुझेही डोके वर करील, धडापासून. हिब्रूतली ही कोटी मराठीतही उतरते, ‘डोके वर काढणे’ आणि ‘डोके उडवणे’ यांच्या मधली.

मग योसेफाने प्यालेबरदाराकडे एक मागणे केले. तुझे बरे झाले की माझी आठवण ठेव, एवढी दया कर, फारोच्या कानावर माझे नाव घाल. मला माझ्या देशातून चोरून आणले आहे, आणि इथेही मी या आडात टाकावे असे काही केलेले नाही. तुरुंगासाठी तो जो हिब्रू शब्द वापरतो, ‘बोर’, तोच भावांनी टाकलेल्या आडासाठी आधी आलेला आहे. त्याच्या लेखी तो अजून त्या पहिल्या आडातून बाहेर पडलेलाच नव्हता.

तिसऱ्या दिवशी फारोचा वाढदिवस आला. सगळे बोलल्याप्रमाणे झाले. आणि अध्याय संपतो तो असा: प्यालेबरदारांच्या नायकाने योसेफाची आठवण ठेवली नाही, तो त्याला विसरला. एकच गोष्ट दोनदा का सांगितली, असा प्रश्न अकराव्या शतकातला फ्रान्समधला भाष्यकार राशी याला पडला. त्याचे उत्तर नेमके आहे. आठवण ठेवली नाही ती त्याच दिवशी, आणि विसरला तो नंतर. उपकार विसरलेला माणूस ज्याने पाहिला आहे त्याला हे दोन टप्पे ओळखीचे वाटतील. पहिल्या दिवशी ‘आज नको, उद्या बोलू’ असते. उद्या काय बोलायचे होते तेच आठवत नाही.

पुढचा अध्याय सुरू होतो तो ‘पुरी दोन वर्षे झाल्यावर’. त्या दोन वर्षांबद्दल बायबल एक अक्षर बोलत नाही. देव योसेफाशी बोलला, त्याला धीर दिला, असे काही नाही. यहुदी सभास्थानांत तोरा, म्हणजे बायबलची पहिली पाच पुस्तके, वर्षभरात भाग पाडून वाचतात आणि डिसेंबरच्या आसपास येणारा योसेफाचा एक भाग नेमका ‘तो त्याला विसरला’ या शब्दांवर संपतो. गुंडाळी बंद होते, लोक घरी जातात, फारोचे स्वप्न पुढच्या शब्बाथला, म्हणजे पुढच्या शनिवारी. कोकणातल्या बेने इस्राएलांच्या, म्हणजे मराठी बोलणाऱ्या यहुद्यांच्या, सभास्थानांतही वाचनाचा क्रम हाच. मुंबईतले त्यांचे पहिले सभास्थान, दयेचे दार अशा अर्थाचे नाव असलेले, 1796 साली सामाजी हसाजी दिवेकर यांनी बांधले. टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटका झाली म्हणून त्यांनी हा नवस फेडला, असे समाजाची परंपरा सांगते. त्या भिंतींच्या आत तुरुंगाच्या त्या ओळीवर थांबून घरी जायचे, हा योग मला तरी विलक्षण वाटतो.

आता वादाकडे. आज या गोष्टीतून निघणारा धडा असा की योसेफ निमूट वाट पाहत राहिला. पण तो निमूट राहिला नव्हता. त्याने तोंड उघडून वशिला मागितला होता. जुन्या यहुदी मिद्राशांत, म्हणजे बायबलवरच्या भाष्यांत, म्हटले आहे की चूक झाली ती तिथेच. ‘माझी आठवण ठेव’ आणि ‘माझे नाव घाल’ अशी दोन वाक्ये त्याने माणसाच्या भरवशावर टाकली म्हणून दोन वर्षे वाढली. राशीनेही हेच उचलले आणि जोडीला स्तोत्र दिले, जो गर्विष्ठांकडे न पाहता परमेश्वरावर भाव ठेवतो तो धन्य. मला हा हिशेब कडक वाटतो. निरपराध कैद्याने सुटून जाणाऱ्याला दोन शब्द सांगितले तर त्यात अविश्वास कसला? यहुदी विचारांतच पुढे याची दुसरी बाजूही मांडली गेली की माणसाने हातपाय हलवायचे आणि भाव देवावर ठेवायचा, या दोन्ही गोष्टी एकत्र नांदतात. अकराव्या शतकात स्पेनमधल्या बह्या इब्न पाकुदाने अंतःकरणाच्या कर्तव्यांवर अरबीत ग्रंथ लिहिला तेव्हा ‘भरवसा’ या एका विषयाला त्यात स्वतंत्र प्रकरण द्यावे लागले. इतके ते सोपे नव्हते.

कुराणातही हा पेच आहे. बारावी सूरा, म्हणजे अध्याय, संपूर्ण यूसुफची (योसेफाचे अरबी नाव), 111 आयतींची; कुराण स्वतःच तिला उत्तम कथा म्हणते. 42व्या आयतीत यूसुफ सुटणाऱ्या सोबत्याला म्हणतो, तुझ्या धन्याजवळ माझा उल्लेख कर. पुढचे वाक्य असे की सैतानाने ‘त्याला’ विसर पाडला. त्याला म्हणजे कोणाला? काही भाष्यकार म्हणतात प्यालेबरदाराला, आपल्या राजाजवळ बोलण्याचा विसर. काही म्हणतात यूसुफलाच, आपल्या प्रभूच्या स्मरणाचा विसर. अरबी वाक्य दोन्हीकडे वळते. पण मला या सूरेतले पुढचे दृश्य जास्त आवडते. विसरलेला सोबती काही वर्षांनी राजाचे स्वप्न घेऊन स्वतः तुरुंगाच्या दाराशी येतो आणि हाक मारतो, ‘यूसुफ, सत्यवचनी माणसा!’ यूसुफ ‘इतके दिवस कुठे होतास?’ असे विचारत नाही. थेट अर्थ सांगायला लागतो, वर धान्य कणसांतच राहू द्या असा सल्लाही देतो. आणि राजाचे बोलावणे आले तेव्हा बाहेर पडायला नकार देतो. आधी माझ्यावरच्या आरोपाची चौकशी करा, मग येतो.

बायबलमधला प्यालेबरदार तुरुंगाकडे फिरकतही नाही. फारोला स्वप्नाचा अर्थ कोणी सांगेना तेव्हा दरबारात उभा राहून तो म्हणतो, आज मला माझे अपराध आठवतात. उपकार आठवतो असे त्याच्या तोंडून निघत नाही. योसेफाची ओळखही तो कशी करून देतो पाहा. एक इब्री (म्हणजे हिब्रू) पोऱ्या, गुलाम. नाव घेत नाही. राशी यावर चिडतो: पोऱ्या म्हणजे अक्कल नसलेला, इब्री म्हणजे आपली भाषा न येणारा, गुलाम म्हणजे अधिकाराला नालायक. आठवण झाली ती राजाची गरज निघाली म्हणून. कृतज्ञतेचा तिथे मागमूस नाही. ‘देवाची वेळ आली की लोकांना तुझी किंमत कळेल’ असे जे म्हटले जाते, त्याला या गोष्टीत आधार सापडत नाही. प्यालेबरदाराला किंमत शेवटपर्यंत कळली नाही, तरी काम झाले. पुढे त्याचे काय झाले, योसेफाने त्याला बोलावले की नाही, हे कोणी लिहूनच ठेवलेले नाही.

आणि मग सगळी घाई. दोन वर्षे कोणी विचारले नाही, आता त्याला आडातून धावतच काढतात. योसेफ दाढी करतो, कपडे बदलतो (दाढी करणे हा खास मिसरी तपशील, इब्री पुरुष दाढी राखत) आणि फारोपुढे उभा राहतो. वय तीस. विकला गेल्याला तेरा वर्षे झालेली. सात सुकाळाची वर्षे, पिकाचा पाचवा हिस्सा कोठारात, मग सात दुष्काळाची. दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी तो भावांना ओळख देतो आणि म्हणतो, तुम्ही नव्हे, देवाने मला पुढे पाठवले. ‘देवाची वेळ’ या कल्पनेचे मूळ या वाक्यात आहे. एक लक्षात घ्यायला हवे की ते योसेफ बाहेर आल्यावर, मागे वळून बोलतो. आत असताना तो म्हणाला होता ते एवढेच, की मी काही केलेले नाही. प्यालेबरदार लगेच बोलला असता तर योसेफ सुटून आपल्या देशी, कनानला, गेला असता आणि फारोला स्वप्न पडले तेव्हा हाताशी कोणी नसता, हा युक्तिवादही मागाहूनच्या वाचकांचा. तो पटण्याजोगा आहे, पण उत्पत्तीत लिहिलेला नाही. 105व्या स्तोत्रात मात्र या वर्षांकडे पाहण्याची रीत ठरून गेली: पाय बेड्यांनी दुखावले, वचन खरे होईपर्यंत परमेश्वराने त्याला पारखले.

मिसरी पुराव्यांत योसेफाचे नाव कुठे सापडलेले नाही. गोष्टीचे धागे मात्र तिथे ओळखीचे आहेत. इसवी सनापूर्वी 1200च्या सुमाराच्या एका पपायरसवर दोन भावांची कथा आहे आणि तिच्यात भावजयीचा असाच खोटा आळ आहे. आस्वानजवळच्या सेहेल बेटावर सात वर्षांच्या दुष्काळाचा शिलालेख आहे, जोसेर राजाच्या नावाचा, पण कोरलेला त्याच्यानंतर दोन हजारांहून जास्त वर्षांनी.

विसरलेल्या उपकाराची बायबलमध्ये आणखी दोन उदाहरणे आहेत आणि ती एकमेकांच्या उलट तोंडाची आहेत. एस्तेरच्या पुस्तकात मर्दखय राजाचा जीव वाचवतो, वहीत नोंद होते आणि कोणी काही करत नाही. काही वर्षांनी एका रात्री राजाला झोप येत नाही, तो जुनी वही वाचायला लावतो आणि विचारतो, या माणसाला काय दिले? काहीच नाही, असे चाकर सांगतात. सकाळी मर्दखय राजाच्या घोड्यावर बसतो आणि त्याचा वैरी हामान लगाम धरून पुढे ओरडत चालतो. या पुस्तकात देवाचे नाव एकदाही येत नाही, म्हणून त्या झोपमोडीला वाचकांनीच देवाची वेळ ठरवले. ते वाचले जाते पुरीम या यहुदी सणाला, ज्याला बेने इस्राएल पूर्वी होळीचा सण म्हणत. दुसरे उदाहरण प्रवचनांत फारसे येत नाही. ‘उपदेशक’ या बायबलमधल्या पुस्तकाचा लेखक, तोही उपदेशकच, सांगतो, लहानसे नगर, थोडी माणसे, मोठ्या राजाचा वेढा. एका गरीब शहाण्याने ते नगर वाचवले. त्या गरिबाची आठवण कोणी ठेवली नाही. एवढेच. पुढे झोप न येणारा राजा नाही की वही नाही. इब्री लोकांस पत्रात ‘देव तुमचे काम विसरायला अन्यायी नाही’ असे म्हटले आहे, पण या शहाण्याच्या हयातीत त्याचा प्रत्यय आल्याचे उपदेशक लिहीत नाही. बायबल गोळा करणाऱ्यांनी ही ओळ ठेवली, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

आपल्याकडे रामायणात सुग्रीव असाच विसरतो. राम पावसाळ्याचे चार महिने डोंगरावर काढतो आणि मग लक्ष्मण धनुष्य घेऊन दाराशी जातो. बाकी पापांना प्रायश्चित्त आहे, कृतघ्नाला नाही, असे तिथे ऐकवले जाते. योसेफापाशी लक्ष्मण नव्हता.

योसेफाने पहिल्या मुलाचे नाव मनश्शे ठेवले, ‘देवाने मला माझे कष्ट विसरायला लावले’ या अर्थाचे. ज्याला जग विसरले त्याने मुलाच्या नावात विसरणेच बांधले. पण पुढे, एकशे दहाव्या वर्षी मरताना, त्याने आणखी एक मागणे केले. या वेळी नुसते सांगितले नाही, शपथ घातली. देव तुमची भेट घेईल तेव्हा माझ्या अस्थी इथून घेऊन जा. नंतर मिसरमध्ये योसेफ कोण हे माहीतच नसलेला राजा गादीवर आला आणि इस्राएलांच्या, म्हणजे योसेफ आणि त्याच्या भावांच्या वंशजांच्या, पाठीवर विटांचे ओझे आले. पिढ्या गेल्या. मिसर सोडून निघायची रात्र आली तेव्हा कणीक फुगायलाही वेळ नव्हता. लोकांनी परातीसकट ती कापडात बांधून खांद्यावर टाकली. त्या धांदलीत त्यांचा पुढारी मोशे याने योसेफाच्या अस्थी बरोबर घेतल्या. त्या कनानातल्या शखेमला पुरल्या.