एकच पत्ता, दोन दारं

बाणेरमधलं पन्नास-साठ माणसांचं एखादं ऑफिस घ्या. इंटरनेटच्या लाइनी दोन, राउटरही दोन. पण प्रत्येक लॅपटॉपला बाहेर जायचं दार, म्हणजे 'डिफॉल्ट गेटवे', एकच ठाऊक असतं. त्या दाराचा राउटर बंद पडला, की शेजारचा धडधाकट असूनही लॅपटॉप बंद दारावरच धडका देत राहतो.

यावरचा व्हीआरआरपी नावाचा खुला प्रोटोकॉल, म्हणजे यंत्रांनी आपसात बोलायची ठरलेली रीत, १९९८ साली आला. त्यात दोन्ही राउटर मिळून एक काल्पनिक आयपी अ‍ॅड्रेस (नेटवर्कवरचा आकडी पत्ता) सांभाळतात. मुख्य राउटर साधारणपणे दर सेकंदाला 'मी आहे' अशी हाक देतो. तीनेक सेकंद हाक आली नाही, की दुसरा तोच आयपी आणि तोच मॅक अ‍ॅड्रेस (यंत्राच्या नेटवर्क-जोडणीचा स्वतःचा पत्ता) घेऊन पुढे येतो. लॅपटॉपला माणूस बदलल्याचा पत्ताही लागत नाही.

पण तोवर दुसरा राउटर नुसता बसून. भाडं दोन लाइनींचं आणि काम एकीचं, हे कुठल्या पुणेकराला सोसेल?

म्हणून दोन काल्पनिक पत्ते करतात. पहिल्यासाठी एक राउटर मुख्य, दुसऱ्यासाठी दुसरा. निम्मे लॅपटॉप इकडे, निम्मे तिकडे. चालतं, पण कुणाला कुठला पत्ता द्यायचा ही वाटणी आपल्यालाच करावी लागते.

राउटर बनवणाऱ्या सिस्को कंपनीच्या जीएलबीपी या प्रोटोकॉलची युक्ती मला जास्त आवडते, कारण ती चक्क खोटं बोलते. गेटवेचा आयपी सगळ्यांना एकच. लॅपटॉप नेटवर्कवर विचारतो, 'हा पत्ता कोणाचा?' (ही विचारपूस म्हणजे एआरपी.) उत्तर द्यायला नेमलेला राउटर एकाला एक मॅक अ‍ॅड्रेस सांगतो, पुढच्याला दुसरा. असे चारपर्यंत. मिळालेलं उत्तर खरं मानून प्रत्येक जण आपापल्या दाराने जातो. मात्र ही वाटणी यंत्रांची, वजनाची नव्हे: दिवसभर मेल वाचणारा आणि जाडजूड बॅकअप चढवणारा, दोघंही इथे एकेकच मोजले जातात.

आणि दोन्ही लाइनी सत्तर टक्के भरल्या असतील, तर एक पडल्यावर उरलेलीवर एकशेचाळीस टक्के भार येतो. खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर भिडे पूल बंद होतो, तेव्हा लकडी पुलावर काय होतं ते डेक्कनला उभं राहून पाहा. म्हणून दोन्ही लाइनी निम्म्याच्या आत ठेवायच्या. हिशेब तपासणाऱ्याला ते पुन्हा उधळपट्टीच वाटतं.