मॉड बसवणे (जुने रोल-प्लेइंग गेम)

मॉड म्हणजे खेळणाऱ्यांनीच तयार केलेली भर : नवी शस्त्रे, गावे, मोहिमा, सुधारित चित्रे किंवा कंपनीकडून राहून गेलेल्या चुकांची दुरुस्ती. बेथेस्डा कंपनीचे ‘मॉरोविंड’ (२००२) आणि ‘ऑब्लिव्हियन’ (२००६) हे गेम यासाठी विशेष ओळखले जातात. लातूर-नांदेडला शिकवणीसाठी खोली करून राहणाऱ्या एखाद्याच्या जुन्या पीसीवर नवा गेम उघडतसुद्धा नाही. हे दोन चालतात, आणि मॉडमुळे वर्षानुवर्षे पुरतात.

मॉड ‘खराब’ असल्याची तक्रार बहुतेक वेळा चुकीच्या जागेची किंवा चुकीच्या क्रमाची असते. आधी जागा. गेम ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये ठेवू नये. व्हिस्टा आवृत्तीपासून विंडोज त्या फोल्डरवर पहारा ठेवते आणि जुन्या प्रोग्रामने तिथे लिहिलेल्या फाइली गुपचूप दुसरीकडे वळवते. ‘डी’ ड्राइव्हवर साधा फोल्डर करून तिथेच इन्स्टॉल करावे आणि मॉड टाकण्याआधी गेम एकदा तसाच चालवून पाहावा.

डाउनलोड चालू असताना लाइट गेली किंवा हॉटस्पॉट तुटला, तर मॉडची झिप फाइल अर्धवट उतरते. झिप उघडण्याच्या ‘सेव्हन-झिप’ या साधनात फाइल तपासण्याची सोय आहे; ती आधी वापरावी. उघडलेल्या फोल्डरच्या आत अनेकदा आणखी एक ‘डेटा’ फोल्डर असतो, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. मॉड जिथे ठेवायचे त्या गेमच्या ‘डेटा’ फोल्डरात तो तसाच टाकला की ‘डेटा’त ‘डेटा’ होतो आणि गेमला काहीच सापडत नाही. ऑब्लिव्हियनमध्ये हे डोळ्यांना दिसते : चित्र सापडले नाही तर वस्तू जांभळी दिसते, आकृतीच सापडली नाही तर तिच्या जागी मोठे पिवळे उद्गारचिन्ह उभे राहते.

मग क्रम. ‘ईएसएम’ या मूळ फाइली आधी लोड होतात, ‘ईएसपी’ या त्यांवर बदल करणाऱ्या फाइली नंतर. दोन मॉड एकाच गोष्टीत बदल करत असतील तर शेवटी लोड झालेल्याचे चालते, सातबाऱ्यावर शेवटचा फेरफार धरावा तसे. या दोन्ही गेममध्ये हा क्रम फाइलीच्या बदल-तारखेवरून ठरतो. त्यामुळे फाइल नुसती उघडून सेव्ह केली तरी क्रम हलतो. ‘लूट’ हे साधन क्रम लावून देते. एखाद्या मॉडला लागणारी ‘ईएसएम’ फाइल नसेल, तर ऑब्लिव्हियन मेनूपर्यंतही न पोचता बंद पडतो. एकूण मर्यादा २५५ प्लगिनांची, म्हणजे अशा ‘ईएसएम’ आणि ‘ईएसपी’ फाइलींची.

‘मॉड ऑर्गनायझर’ हे साधन प्रत्येक मॉड वेगळ्या फोल्डरात ठेवते आणि गेमला ते ‘डेटा’तच असल्याचा भास करून देते. नको असलेला मॉड त्यामुळे एक टिक काढताच बंद होतो. हाताने फाइली ओतण्यापेक्षा हेच बरे. मात्र खेळ अर्ध्यावर असताना मोहिमांचा मॉड काढू नये. सेव्ह केलेल्या खेळात त्याच्या खुणा राहतात.

देवनागरीची अडचण वेगळी. हे गेम आणि त्यांची काही जुनी साधने युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या लिपींची अक्षरे साठवण्याच्या पद्धतीच्या, सवयीची नाहीत. विंडोजच्या खात्याचे नाव मराठीत असेल, तर ऑब्लिव्हियनचे सेव्ह आणि प्लगिन-यादी त्याच नावाच्या फोल्डरात जाते आणि साधनाला ती वाट वाचता येत नाही. सेटिंगमधून नाव बदलून भागत नाही, कारण फोल्डर जुन्याच नावाचा राहतो. अशा वेळी रोमन अक्षरांत नवे खाते काढावे लागते.