झेडएक्स स्पेक्ट्रम : आपल्या हाती आलेल्या यंत्राविषयी ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्या कार्यशाळेतून दुरुस्त होऊन आलेला स्पेक्ट्रम हा १९८२ मधील घरगुती संगणक आपण टीव्हीला जोडण्यापूर्वी हे माहितीपत्रक एकदा पूर्ण वाचावे, अशी विनंती आहे. या यंत्राला चालू-बंद करण्याचे बटण नाही, आतमध्ये माहिती साठवण्याची सोय नाही आणि सुरू झाल्यावर पडद्यावर कोणतीही यादी किंवा चित्रे दिसत नाहीत. त्यामुळे आजच्या संगणकाची सवय असलेल्या ग्राहकाला ते बिघडले आहे की काय, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. पांढऱ्या पडद्याच्या तळाशी निर्मात्याचे नाव आणि १९८२ हे वर्ष दिसले, म्हणजे यंत्र ठीक आहे आणि आपल्या आज्ञेची वाट पाहत आहे, असे समजावे.

केंब्रिज येथील सिंक्लेअर रिसर्च या कंपनीने २३ एप्रिल १९८२ रोजी हा संगणक बाजारात आणला. १६ के (किलोबाइट) मेमरीच्या यंत्राची किंमत १२५ पौंड, तर ४८ के मेमरीच्या यंत्राची १७५ पौंड होती. रिचर्ड आल्टवॉसर यांनी त्याचे हार्डवेअर आखले, रिक डिकिन्सन यांनी बाह्यरूप घडवले आणि स्टीव्ह व्हिकर्स यांनी त्यातील बेसिक ही प्रोग्राम लिहिण्याची भाषा तयार केली. आत ३.५ मेगाहर्ट्झ वेगाचा झेड८०ए प्रोसेसर आहे. १९८४ मध्ये कडक कळफलकाचा स्पेक्ट्रम प्लस आला. त्याच्या आतील मांडणी ४८ के यंत्राचीच होती. १९८६ मध्ये ॲमस्ट्रॅड कंपनीने सिंक्लेअरचा संगणक व्यवसाय विकत घेतला. भारतात डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवान्याखाली ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ या नावाने हेच यंत्र विकले. आपले यंत्र त्यांपैकी असेल, तर खाली दिलेल्या सूचना त्यालाही लागू आहेत.

वीजजोडणी

या भागाकडे आपण सर्वाधिक लक्ष द्यावे. स्पेक्ट्रमला ९ व्होल्ट डीसी वीज लागते, परंतु त्याच्या पिनेचा मधला भाग ऋण आणि बाहेरचा भाग धन असतो. आज घरोघरी असणाऱ्या बहुतेक अडॅप्टरांमध्ये याच्या नेमके उलट असते, म्हणून पिन बसते एवढ्यावरून दुसरा अडॅप्टर कधीही लावू नये. सोबत दिलेला अडॅप्टर २३० व्होल्टच्या वीजपुरवठ्यासाठी आहे. इंग्लंडहून आणलेला मूळ अडॅप्टरही त्या पुरवठ्यावर चालतो. मात्र त्याचा ट्रान्सफॉर्मर आता चार दशकांचा झालेला असल्याने तो आम्ही तपासल्याशिवाय वापरू नये.

ही काळजी घेण्याचे कारण मेमरीत आहे. पहिल्या १६ के मेमरीच्या चिपना अधिक ५, अधिक १२ आणि उणे ५ असे तीन वेगवेगळे व्होल्टेज लागतात आणि ते बोर्डावरील एक लहानसे सर्किट ९ व्होल्टांपासून तयार करते. त्यातला ट्रान्झिस्टर गेला आणि उणे ५ व्होल्ट नाहीसे झाले, तर मेमरीच्या चिपही त्यापाठोपाठ जळतात. आमच्याकडे दुरुस्तीसाठी येणाऱ्या यंत्रांमध्ये हा बिघाड वारंवार आढळतो, आणि अनेकदा त्याचे मूळ यंत्र चालू असताना मागच्या पट्टीला (बाहेरची उपकरणे जोडण्याच्या जागेला) काहीतरी जोडण्यात किंवा काढण्यात असते. जॉयस्टिकचा इंटरफेस असो वा एसडी कार्डाचा, आधी वीज काढावी, मगच त्याला हात लावावा. यंत्राच्या वरच्या भागाला ऊब जाणवेल. ती नेहमीची आहे.

कळफलकाच्या आतील मेम्ब्रेनच्या (कळा दाबल्याची नोंद घेणाऱ्या पातळ थराच्या) पट्ट्या जुन्या झाल्या की ठिसूळ होतात आणि पेटी उघडताना तुटतात. आम्ही नवी मेम्ब्रेन बसवली आहे, तरीही पेटी घरी उघडू नये.

टीव्ही आणि आवाज

मूळ स्पेक्ट्रमचे चित्र टीव्हीच्या ॲंटेनाच्या जोडणीतून, यूएचएफ चॅनेल ३६ वर मिळते. इंग्लंडप्रमाणे भारतातही जुन्या टीव्हीसाठी पॅल हीच रंगीत चित्राची पद्धत असल्याने रंगांची अडचण येत नाही. दोन्ही देशांत टीव्हीवरून आवाज पाठवण्याच्या पद्धतीत फरक होता, परंतु ४८ के यंत्राचा आवाज त्याच्या पोटातल्या लहान स्पीकरमधून येत असल्याने त्या फरकाचा येथे संबंधच येत नाही. नव्या टीव्हींवर ॲंटेनाच्या मार्गाने चित्र पुसट दिसते किंवा सापडतच नाही, म्हणून आपण मागणी केली असल्यास आम्ही त्याच जागेतून एव्ही जोडणी काढून दिली आहे. हा बदल पुन्हा पूर्ववत करता येतो.

बेसिक भाषा

स्पेक्ट्रम विकत घेणारे बहुतेक ग्राहक खेळांसाठी घेतात, हे आम्हांला ठाऊक आहे. तरीही पहिला खेळ लावण्यापूर्वी आपण चार ओळींचा का होईना, एक प्रोग्राम लिहावा, असा आमचा आग्रह आहे. कारण यंत्र वीज मिळताच थेट भाषेतच उघडते, ही त्याची सर्वांत मोलाची गोष्ट आहे. प्रोग्राम लिहिण्यासाठी वेगळे काही बसवावे लागत नाही.

येथे आज्ञा अक्षर-अक्षर टंकायच्या नसतात. पडद्यावर ‘के’ हे अक्षर लुकलुकत असताना ‘पी’ची कळ दाबली, की ‘प्रिंट’ हा पूर्ण शब्द उमटतो. ‘जे’ने ‘लोड’, ‘आर’ने ‘रन’ आणि ‘एस’ने ‘सेव्ह’. अशी आज्ञा मेमरीत एकाच बाइटची जागा घेते. ओळ पुरी करून ‘एंटर’ दाबताच यंत्र तिचे व्याकरण तपासते आणि चूक असल्यास तिच्या जागी प्रश्नचिन्ह दाखवून ओळ स्वीकारण्याचे नाकारते. नवशिक्यासाठी याहून चांगला शिक्षक आम्ही त्या काळच्या यंत्रांत पाहिलेला नाही.

सुरुवात अशी करावी. १० हा आकडा टंकून ‘एफ’ दाबावे, म्हणजे ‘फॉर’ येईल. पुढे ‘एन’, बरोबरचे चिन्ह, ०, ‘सिम्बॉल शिफ्ट’ ही कळ दाबून धरून ‘एफ’ म्हणजे ‘टू’, आणि ७. ओळ २० मध्ये ‘बी’ दाबून ‘बॉर्डर’ व पुढे ‘एन’. ओळ ३० मध्ये ‘एम’ दाबून ‘पॉज’ व पुढे २५. ओळ ४० मध्ये ‘नेक्स्ट’साठी ‘एन’ची कळ आणि पुढे पुन्हा ‘एन’. प्रत्येक ओळीनंतर ‘एंटर’ दाबावे आणि शेवटी ‘रन’ करावे. पडद्याची किनार काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत आठ रंगांतून जाईल आणि प्रत्येक रंग अर्धा सेकंद थांबेल, कारण ‘पॉज’ ही आज्ञा सेकंदाचे ५० भाग मोजते. २५ च्या जागी ५ लिहून काय होते, ते मुलांना स्वतः करून पाहू द्यावे.

मराठी ग्राहकांनी आणखी एक गोष्ट अवश्य करून पाहावी. स्पेक्ट्रममध्ये २१ अक्षरांचे आकार आपण स्वतः ठरवू शकतो. प्रत्येक आकार आठ ओळी आणि आठ स्तंभांच्या जाळीत बसवायचा असतो, आणि एकेका ओळीसाठी एकेक आकडा ‘पोक’ या आज्ञेने मेमरीत ठेवायचा असतो. पहिल्या ओळीत आठही बिंदू भरले, म्हणजे २५५ हा आकडा दिला, की शिरोरेषा तयार होते. आणि शेजारी शेजारी ठेवलेल्या अक्षरांची शिरोरेषा आपोआप अखंड जुळते. ग, म, न, र ही अक्षरे अशा जाळीत नीट बसतात. जोडाक्षरे मात्र दाटतात, आणि वेलांटीसाठी शेजारची जागा खर्चावी लागते. संपूर्ण वर्णमाला २१ आकारांत मावणार नाही, पण घरातल्या मंडळींची नावे पडद्यावर देवनागरीत उमटवता येतात.

लिहिलेला प्रोग्राम वीज काढताच पुसला जातो. म्हणून तो ‘सेव्ह’ने कॅसेटवर उतरवावा आणि यंत्र बंद करण्यापूर्वी ‘व्हेरिफाय’ने पडताळावा.

खेळ

कॅसेटवरचा खेळ लावण्यासाठी ‘जे’ दाबून ‘लोड’ आणावे, सिम्बॉल शिफ्टसह ‘पी’ दोनदा दाबून अवतरणचिन्हांची जोडी लिहावी, ‘एंटर’ दाबावे आणि मग टेप सुरू करावा. टेपच्या सुरुवातीच्या सलग सुरात किनारीवर लाल व निळसर पट्टे दिसतात आणि माहिती येऊ लागली की निळे व पिवळे. पूर्ण ४८ के भरायला साधारण पाच मिनिटे लागतात. टेपरेकॉर्डरच्या जागी मोबाइलही ‘इअर’च्या खाचेला जोडता येतो, त्या वेळी आवाज जवळजवळ पूर्ण ठेवावा आणि मोबाइलच्या सर्व सूचना बंद कराव्यात, कारण मध्येच वाजलेली एक घंटी सगळे लोडिंग वाया घालवते. जुन्या खेळांचे हक्क आजही त्यांच्या धारकांकडे असल्याने यंत्रासोबत आम्ही खेळांच्या प्रती देत नाही.

खेळताना एखादे पात्र दुसऱ्या वस्तूजवळून गेले, की रंग एकमेकांत मिसळलेले दिसतात. ग्राहक हा बिघाड समजून यंत्र परत पाठवतात, परंतु ही यंत्राची मूळ रचनाच आहे. पडद्यावर २५६ गुणिले १९२ बिंदू आहेत. प्रत्येक बिंदूला स्वतःचा रंग द्यायचा, तर चार बिट प्रमाणे २४ के मेमरी लागली असती आणि १६ केच्या यंत्रात ते शक्यच नव्हते. म्हणून बिंदूंसाठी ६,१४४ बाइट ठेवून रंगांसाठी फक्त ७६८ बाइट दिले गेले, म्हणजे आठ बाय आठ बिंदूंच्या प्रत्येक चौकोनाला एका वेळी दोनच रंग मिळतात.

चांगले खेळ लिहिणाऱ्यांनी या मर्यादेला धरूनच आपली कला घडवली. १९८३ चा ‘मॅनिक मायनर’ हा मॅथ्यू स्मिथ यांनी विशी गाठण्याआधी लिहिलेला खेळ. त्यातील वीस गुहा एकेका पडद्यावर अशा मांडल्या आहेत की रंगांचा गोंधळ फारसा जाणवत नाही, आणि एकाच स्पीकरच्या या यंत्रावर खेळ चालू असताना संगीतही वाजत राहते. १९८४ च्या ‘नाइट लोअर’मध्ये अल्टिमेट कंपनीने तिरप्या कोनातून दिसणाऱ्या खोल्या रेखाटल्या आणि प्रत्येक खोली एकाच रंगात ठेवून प्रश्नच मिटवला. आमच्या मते हे यंत्र काय करू शकते ते पाहण्यासाठी या दोन खेळांपासून सुरुवात करावी. पुष्कळ खेळांत डावी-उजवीकडे जाण्यासाठी ‘ओ’ व ‘पी’ आणि वर-खाली जाण्यासाठी ‘क्यू’ व ‘ए’ या कळा असतात.

दुरुस्तीसाठी पाठवताना

यंत्र पाठवताना अडॅप्टरही सोबत पाठवावा, कारण दोन्ही एकत्र तपासल्याशिवाय बिघाडाचे मूळ कळत नाही. पडदा पूर्ण काळा आहे, उभ्या पट्ट्या दिसतात, की निर्मात्याचे नाव येऊन काही कळा चालत नाहीत, हे चिठ्ठीवर लिहावे. शक्य असल्यास पडद्याचे छायाचित्र जोडावे. यंत्राच्या मागच्या पट्टीला काही जोडलेले असताना बिघाड झाला असेल, तर ती वस्तूही पाठवावी. यंत्र बुडबुड्यांच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळावे आणि रबरी कळांवर थेट दाब येणार नाही अशा रीतीने खोक्यात ठेवावे.