अर्ल वीव्हरची कार्डं आणि आऊटचं गणित

बाल्टिमोर ओरिओल्स या अमेरिकन बेसबॉल टीमचे मॅनेजर (म्हणजे कोच) अर्ल वीव्हर स्वतः मेजर लीगमध्ये, म्हणजे तिथल्या सर्वात वरच्या लीगमध्ये, एकही मॅच खेळले नाहीत, उमेदीची सगळी वर्षं खालच्या लीगमध्येच गेली. पण १९६८ ते ८२ आणि नंतर १९८५-८६ असे १७ सीझन त्यांनी टीम चालवली, १४८० मॅच जिंकल्या, १९७० ची वर्ल्ड सिरीज म्हणजे सीझनची फायनलपण. अंपायरशी त्यांची जी भांडणं व्हायची तीच लोकांच्या लक्षात राहिलीयेत, मला मात्र त्यांची कार्डं जास्त भारी वाटतात.

कॉम्प्युटर नव्हता तेव्हा, तर कुठला बॅटर कुठल्या पिचरसमोर (बॉल टाकणाऱ्यासमोर) किती चालतो हे ते कार्डांवर लिहून ठेवायचे. बूग पॉवेल हा त्यांचा हुकमी बॅटर, १९७० चा अमेरिकन लीगचा (मेजर लीगच्या दोन भागांपैकी एक) एमव्हीपी म्हणजे सर्वोत्तम खेळाडू, पण डेट्रॉइटच्या मिकी लोलिचसमोर त्याची सरासरी फक्त .१७८, म्हणजे १००० चान्समध्ये १७८ हिट (बॉल मारून सुखरूप बेसवर पोचला की हिट). मग लोलिच असला की वीव्हर बऱ्याचदा पॉवेलला बसवून चिको सॅल्मनला घ्यायचे, कारण लोलिचसमोर त्याची सरासरी .३०० होती.

आता समजा हे .३०० म्हणजे २० चान्समध्ये ६ हिट असतील, तर यावरून काही ठरवता येतं का? हिशोब केला तर .२५० चा साधारण बॅटरसुद्धा निव्वळ नशिबाने १०० पैकी ३८ वेळा तरी ६ किंवा जास्त हिट मारेल. म्हणजे सॅल्मनचा तो आकडा एकटा घेतला तर त्यात फारसा दम नाही.

तरी निर्णय बरोबरच होता! लोलिच डावखुरा, पॉवेल डावखुरा, सॅल्मन उजवा. डावखुऱ्या पिचरचा स्लायडर (शेवटी बाजूला वळणारा वेगवान बॉल) डावखुऱ्या बॅटरपासून लांब पळतो, बॉलच्या फिरकीमुळे हवा एका बाजूला ढकलली जाते आणि बॉल उलट्या बाजूला वळतो, उजव्या बॅटरला तोच बॉल आत येताना नीट दिसतो. क्रिकेटमध्ये ऑफस्पिनर आला की आपला उजवा बॅट्समन समोर बघून बरं वाटतं, तसलंच हे. हा फरक हजारो चान्समध्ये दिसतो, म्हणून त्याच्यावर भरवसा ठेवता येतो.

वीव्हरना बंटचाही राग होता, म्हणजे बॅटरने बॉल हळूच अडवायचा, स्वतः आऊट व्हायचं आणि बेसवरच्या रनरला पुढच्या बेसवर जाऊ द्यायचं (सगळे बेस फिरून परत आला की एक रन). मॅचमध्ये टीमला २७ आऊट मिळतात (नऊ इनिंग, प्रत्येकीत तीन), त्यातला एक मुद्दाम का द्यायचा? १९६३ मध्ये जॉर्ज लिंडसे या कॅनडाच्या संशोधकाने शेकडो मॅचच्या नोंदींवरून हेच मोजलं होतं. पहिल्या बेसवर रनर आणि एकही आऊट नाही, तर त्या इनिंगमध्ये पुढे सरासरी ०.८१ रन होतात, बंट करून रनर दुसऱ्या बेसवर गेला पण एक आऊट झाला तर ०.६७. रनर पुढे सरकला आणि रन मात्र कमी झाले! मॅच बरोबरीत असेल, शेवटची इनिंग असेल आणि एकच रन पुरणार असेल तर बंट चालतो, तेवढ्यापुरता वीव्हरही करायचे, बाकी वेळ ते बेसवर दोघं येऊ द्यायचे आणि तीन रनच्या होम रनची (बॉल थेट मैदानाबाहेर, की ते दोघं आणि बॅटर सगळेच परत) वाट बघायचे.